सांडलेल्या तेलाचे व्याकरण

कामाच्या आवारात डिझेल सांडले की त्यावर वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरतात. तेल मुरले की ते सारे खराट्याने गोळा करून पोत्यांत भरतात. बाकीचे कर्मचारी खिडकीतून पाहत राहतात. पुढे अहवालात येते : 'तेल सांडले. सफाई करण्यात आली.' दोन्ही वाक्यांत माणूस नाही.

२८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि इंधनतेल किनाऱ्याला लागले. ते काळे, दाट रेंदाड शेकडो माणसांनी बादल्यांनी उपसले. अहवालाच्या भाषेत अशी माणसे 'मनुष्यबळ' होतात.

'सांडणे' हे क्रियापद आज अकर्मकही चालते. जणू तेल आपण होऊनच सांडते. जुन्या मराठीत मात्र त्याचा अर्थ 'टाकून देणे, त्यागणे' असाही होता, आणि टाकून देणारा कुणीतरी असावाच लागतो. म्हणून कर्त्याचा लोप हा मला निव्वळ शैलीचा प्रश्न वाटत नाही. सांडले कुणी आणि उपसले कुणी, हे सांगण्याची जबाबदारी निदान गद्याने तरी टाळू नये.