गोठ्यातली जीप : दुरुस्ती की भंगार?

गावोगाव फिरताना एक दृश्य हमखास दिसते. वाड्याच्या मागे, गोठ्याच्या कडेला किंवा बाभळीखाली एखादी जुनी जीप, अँबॅसिडर नाहीतर फियाट उभी असते. टपावर कडबा, आत कोंबड्या, चाके मातीत रुतलेली. मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले : "राहू द्या हो, आजोबांची आठवण आहे. एक दिवस करायचीच आहे दुरुस्त." तो एक दिवस काही उजाडत नाही.

अलीकडे शहरातले हौशी लोक अशा गाड्या शोधत खेड्यात येऊ लागले आहेत. त्यामुळे आपल्या गोठ्यात लाखाचा ऐवज उभा आहे, असे ज्याला त्याला वाटू लागले आहे. शेतकरी बंधूंनो, या भ्रमात राहू नका. दर पावसाळ्याला उभ्या गाडीची किंमत घटते. दुरुस्त करायची तर आज करा, नाहीतर रीतसर मोडीत काढा. नुसती उभी ठेवणे हा सर्वांत तोट्याचा सौदा आहे.

आमच्या घरचेच सांगतो. आजोबांची पेट्रोलची जीप १९७२ च्या दुष्काळात कडबा आणि पाण्याची पिंपे वाहत होती. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी तीत डिझेल इंजिन बसवले. नंतर ती बंद पडली ती पडलीच. दोन वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी दुरुस्तीचे मनावर घेतले, तेव्हा कळले की आर.सी. बुक अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि त्यात नंबर जुन्या पेट्रोल इंजिनाचा आहे. जमिनीचा वारस लावायला आम्ही तेरावे होताच तलाठ्याकडे गेलो होतो. गाडीचाही वारस लावावा लागतो, हे कुणाच्या डोक्यातही आले नाही. मालक वारल्यावर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा, असा नियम आहे. सातबाऱ्यावर नाव चढले म्हणून गाडी नावावर होत नाही!

तेव्हा पहिली तपासणी कागदाची. दुसरी पत्र्याची आणि चासीची. चासीवर हातोडी मारून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भसका आवाज येऊन पापुद्रे पडले तर समजा की गाडी आतून कुजली आहे. इंजिनाची बारी तिसरी. लोक नेमके उलटे करतात. आधी इंजिन खोलतात, पैसे ओततात आणि मग कळते की ते बसवायला खाली लोखंडच उरलेले नाही. जाम झालेले इंजिन कुशल मिस्त्री सोडवू शकतो. कुजलेली चासी आणि हरवलेले कागद यांच्यापुढे मात्र तोही हात टेकतो.

सुट्या भागांचाही विचार करा. महिंद्राने १९४७ पासून जीप जोडायला सुरुवात केली आणि त्याच घाटाच्या गाड्या पुढे कित्येक दशके निघत राहिल्या. म्हणून जीपचे सामान अजून जमवता येते. सोलापूरच्या वालचंदशेठांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी आणि २०१४ साली बंद झालेली अँबॅसिडर यांचे बारीकसारीक सामान मात्र जुन्या बाजारात हिंडून शोधावे लागते. अशा वेळी चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

'विंटेज' म्हणून नोंद करू म्हणाल, तर २०२१ चा केंद्राचा नियम नीट समजून घ्या. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी. चासी, बॉडी, इंजिन मूळचेच हवे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. आणि एवढे करूनही ती रोज रस्त्यावर आणता येत नाही, भाड्याने लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच काढायची. डिझेल इंजिन बसवलेल्या आमच्या जीपला तो दरवाजा बंदच होता. म्हणजे हा खर्च हौसेचा आहे, धंद्याचा नाही. हौस असेल तर जरूर करा. कोल्हापूरच्या दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक मोटार निघते, तेव्हा लोक कौतुकाने बघतात. पण तिची निगा राखली जाते म्हणून ती निघते. सोसायटीचे कर्ज डोक्यावर ठेवून असली हौस कुणी करू नये.

मोडीत काढायची तरी रीतीने काढा. दारावर आलेल्या भंगारवाल्याला रोख पैशावर गाडी दिली, तरी आर.टी.ओ.च्या दप्तरी ती तुमच्याच नावावर जिवंत राहते. नंबरप्लेट, चासी नंबर उद्या कुणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की दाखला मिळतो आणि त्यावर नवी गाडी घेताना करात सवलतही मिळते.

आता दोन शब्द सरपंच, ग्रामसेवक आणि पंचायत समितीच्या साहेबांसाठी. सरकारी व पंचायतींच्या पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होत नाही. तरी आवारात जुन्या जीपा, रुग्णवाहिका कुजत पडलेल्या दिसतातच. त्यांत पावसाचे पाणी साचून डासांच्या अळ्या होतात, पोरे खेळायला शिरतात, साप निघतो. लोकांना स्वच्छतेचे धडे देण्याआधी आपल्या आवारातल्या गाडीच्या निर्लेखनाचा ठराव तेवढा मांडावा.

आमच्या जीपची चासी कुजलेली निघाली. वारसाचे कागद जमवायला पाच महिने गेले. मग ती स्क्रॅप केंद्रात दिली. वडिलांनी वेळीच इंजिनाची नोंद केली असती आणि आम्ही वेळीच छप्पर घातले असते, तर ती आज चालती असती. फिरवून इंजिन सुरू करायचे तिचे हँडल तेवढे काढून घेतले आहे. ते सोप्यात खुंटीला टांगले आहे. आठवणीला तेवढे पुरते.