स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे

‘स्क्रीनशॉट काढून ठेवा.’ यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही सेतू केंद्रात हे वाक्य आता दिवसातून दहादा ऐकू येतं. ई-पीक पाहणी झाली, काढून ठेवा. लाडक्या बहिणीचा अर्ज गेला, काढून ठेवा. सांगणाऱ्याचा हेतू बरा असतो. पण त्याचा सरळ अर्थ असा, की अर्ज घेणारी यंत्रणा तो घेतल्याचा धड पुरावा देणार नाही. तो तुमचा तुम्ही टिपून घ्या, तुमचा तुम्ही सांभाळा आणि वेळ आली की तुमचा तुम्ही शोधून दाखवा. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. असले पडदे आमच्याच जमातीचे लोक बनवतात, म्हणून हे भांडण घरातलं आहे.

आधी त्या स्क्रीनशॉटचं पुढे काय होतं ते पाहू. केंद्रातल्या संगणकावर विंडोज आणि प्रिंट-स्क्रीन ही दोन बटणं एकत्र दाबली, की चित्र ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरात जातं. नाव पडतं ‘स्क्रीनशॉट’ आणि पुढे कंसात एक आकडा. २४७ नंतर २४८. स्निपिंग टूलनं काढला तर नावात तारीख आणि वेळ. वनड्राइव्ह चालू असेल तर हाच फोल्डर मुळात दुसऱ्याच ठिकाणी असतो, आणि माणूस भलत्याच ‘पिक्चर्स’मध्ये शोधत बसतो. जुन्या संगणकांवर नुसतं प्रिंट-स्क्रीन दाबलं तर चित्र कुठेच जतन होत नाही. ते क्लिपबोर्डवर थांबतं, आणि केंद्रचालकानं पुढच्या माणसाचा आधार क्रमांक कॉपी केला की पुसलं जातं. फोनवर काढून व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवला तर त्याला तिसरंच नाव मिळतं: आयएमजी, तारीख, डब्ल्यूए आणि एक अनुक्रमांक.

या साऱ्या नावांत एक गोष्ट समान आहे. चित्र कधी काढलं किंवा कितवं काढलं एवढंच ती सांगतात. कोणाचं, कसलं, कोणत्या गटाचं, यातलं काहीच नाही. ओळखीच्या एका केंद्रचालकाला मी विचारलं, की फाइलला शेतकऱ्याचं नाव का देत नाहीस? तो म्हणाला, “भाऊ, हजारक फोटो हायेत त्यात. रांग बाहेर लोक गेली हाये. नाव कोन टाकत बसन?” पीकविम्याच्या एका अर्जामागे त्याला ४० रुपये मिळायचे. त्या ४० रुपयांत त्यानं अभिलेखपालही व्हावं, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

आमच्या भागात घराघरांत एक तार असायची. खाली लाकडाची चकती, वर आकडा, आणि त्यात ओवलेल्या पावत्या. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिच्या काळात काटापट्टी आणि चुकाऱ्याच्या चिठ्ठ्या याच तारेत जायच्या. तारही काळाच्या क्रमानंच भरत जाते, जुनी पावती खाली आणि नवी वर. तेवढ्यापुरती ती आणि स्क्रीनशॉटचा फोल्डर सारखेच. पण तारेवरचा कागद स्वतःची ओळख सांगत होता: नाव, क्विंटल, केंद्र, खाली सही आणि शिक्का. मुख्य म्हणजे तो समोरच्यानं लिहून दिलेला होता. चुकारे रखडले म्हणून लोकांनी त्या योजनेला शिव्या घातल्या, आणि बरोबरच घातल्या. पण शिव्या घालताना हातात चिठ्ठी होती.

आता पीकविम्याचं बघा. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. त्याच वर्षी २२ जुलैला जिल्ह्यात असा पाऊस झाला, की महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली. नियम असा होता, की स्थानिक आपत्तीत नुकसान झालं तर ७२ तासांत पूर्वसूचना द्यायची. विम्याच्या अर्जाची पावती पीडीएफमध्ये मिळत होती, ते मान्य. पण खरा वाद अर्जाचा नसतोच. सूचना वेळेत दिली की नाही याचा असतो. आणि तिथे हातात काय राहायचं, तर पडद्यावर आलेला एक डॉकेट क्रमांक. शेतात पाणी, गावात वीज नाही, फोन शेजारच्याचा. त्या फोनवरून काढलेलं चित्र पुढे महिनोन्‌महिने जपायचं आणि वाद झाला की दाखवायचं. एक रुपयातला तो विमा २०२५ मध्ये बंद झाला. पडद्याचं चित्र काढून घ्यायची सवय मात्र राहिली.

बरं, दाखवल्यावर तरी ते कोण मानतो? ब्राउझरमध्ये एफ-ट्वेल्व्ह दाबून कुठल्याही पानावरचा मजकूर मी अर्ध्या मिनिटात बदलू शकतो. ‘नामंजूर’चं ‘मंजूर’ करून स्क्रीनशॉट काढला, तर चित्र पाहून कोणालाही फरक सांगता येणार नाही. दुकानदारांना हे कधीच कळलंय. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल देणाऱ्यांना टोप्या बसल्या, आणि मग गल्ल्यापाशी रक्कम बोलून सांगणारा डबा आला. पानठेल्यावर दहा रुपयांसाठी जो पुरावा चालत नाही, तो हेक्टरभर सोयाबीनसाठी जपून ठेवा म्हणून आपण सांगतो.

कायदा तर याहून कडक आहे, आणि तो कडक किती हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यानं ठरलं. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, यावर वाद गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते, चित्रीकरण होतं, पण त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालचं प्रमाणपत्र बंधनकारकच आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणलं तर गोष्ट वेगळी. इथे मात्र ज्यानं ते मिळवायची सारी खटपट केली आणि ज्याला ते नाकारलं गेलं, त्याला न्यायालयानं त्या अटीतून मोकळं केलं. आमदारकीसाठी भांडणाऱ्या माणसाची ही गत. दारव्ह्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं काय होईल, ते सांगायला नको.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. आत एक ठिपका बदलला तरी तो वेगळा उमटतो. आणि आपण करतो काय? स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवतो, व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि अंगठा बदलतो. मग मूळ चित्र ‘जागा भरली’ म्हणून फोनवरून उडवलं जातं.

यावर आमच्या धंद्यातल्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: शोध सुधारू. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये रिकॉल जाहीर केलं. पडद्याची चित्रं आपोआप टिपत राहायची आणि नंतर त्यांत शोधता यायचं. खासगीपणावरून ओरड झाली, ते लांबलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये निवडक नव्या संगणकांवर आलं. ज्या भाषांसाठी ते घडवलं त्यांत मराठी नाही. टेसरॅक्टसारखी फुकट साधनं मराठी अक्षरं वाचतात, मी स्वतः वापरतो, आणि गावाकडच्यांचे स्क्रीनशॉट त्यातून शोधूनही देतो. पण शोध कितीही चांगला झाला तरी सापडणार काय? सही नसलेलं चित्रच.

‘लोकांनी डिजिटल शिस्त शिकावी’ हे दुसरं उत्तर. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांच्या डेस्कटॉपवर स्क्रीनशॉटांचा उकिरडा असतो, आणि शिस्त शिकायची कोणी, तर आर्णीच्या बाजारातून धावत सेतूवर आलेल्या बाईनं! ‘एसएमएस येतो की’ हे तिसरं. येतो, पण अनेकदा केंद्रचालकानं घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो.

बरं, हे जमत नाही अशातलाही भाग नाही. याच राज्यात १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. तो कुठूनही उतरवून घेता येतो, हरवला तर पुन्हा काढता येतो, खरा की खोटा ते तपासता येतं. तोच मार्ग ई-पीक पाहणीला का नको? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अर्जाची पोच द्यावी, तीत क्रमांक, तारीख आणि निकालाची मुदत असावी, हे त्यात लिहिलंच आहे. ज्या सेवा त्या कायद्याखाली अधिसूचित नाहीत, त्यांनाही तोच नियम लावा. ‘सबमिट’ दाबल्यावर हिरवी खूण नाचवणारं पान बनवायला जेवढे दिवस लागतात, त्याहून फार जास्त दिवस सही केलेली पीडीएफ द्यायला लागत नाहीत. निविदेत ती ओळ नसते, म्हणून आम्ही ती बनवत नाही. निविदा लिहिणाऱ्याला ती सुचत नाही, कारण सेतूच्या रांगेत तो कधी उभा राहिलेला नसतो.

ती ओळ येईपर्यंत केंद्रचालकांकडे एवढंच मागणं आहे. चित्र काढल्यावर एफ-टू दाबून आडनाव, गट क्रमांक आणि हंगाम टाका; पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा; आणि जमलं तर एक प्रिंट काढून हातात द्या. घरातली तार अजून असेल तर ती तिथं ओवली जाईल.