उनकेश्वरचं पाणी फक्त अंघोळीपुरतं नाही

कोरोनाकाळात मुकुंदवाडीत तुमच्याही नाकातून स्वॅब घेतला असेल. आरटीपीसीआर चाचणीत नमुना वारंवार सुमारे ९५ अंशांपर्यंत तापतो. आपल्या शरीरातली एन्झाइम्स एवढ्या उष्णतेत उकडलेल्या अंड्यासारखी निकामी होतात. टिकतं ते ‘टॅक पॉलिमरेज’. ते मिळालं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूकडून. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे १९९१ मध्ये पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरना विकले गेले. यलोस्टोनला छदामही मिळाला नाही.

आपल्या मराठवाड्यातही नांदेड जिल्ह्यात उनकेश्वरला गरम झरे आहेत. त्वचारोग बरा व्हावा म्हणून लोक तिथे अंघोळ करतात. उपचार डॉक्टरांकडेच घ्या. झऱ्याची श्रीमंती त्यातल्या जिवाणूंत आहे. म्हणून झऱ्यात साबण-शाम्पू नको. २००२च्या जैवविविधता कायद्यात स्थानिकांच्या वाट्याची तरतूद आहे; गावच्या जैवविविधता नोंदवहीत झरा नोंदवलाय का, तेवढं विचारा.