बाथरूमचा ठेका स्वतःकडेच ठेवा

तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या सोसायट्यांमधली बाथरूम आता एकामागून एक फोडली जात आहेत. टाइल्स पिवळ्या पडल्या, लोखंडी पाइप आतून गंजून नळाची धार करंगळीएवढी झाली, नहाणीच्या जाळीतून झुरळे वर येऊ लागली की घरात विषय निघतो आणि पुढचा क्रम ठरलेला असतो. दुकानात जाऊन टाइल्स, शॉवर आणि कमोड पसंत करायचे, ओळखीतल्या ठेकेदाराला मटेरियलसकट एकरकमी काम द्यायचे आणि आठ-दहा दिवस गैरसोय सोसायची. काम संपते, सगळे चकचकीत दिसते आणि काही महिन्यांत खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरचा ओला डाग दाखवायला बोलावतात. टाइल्स निवडताना फारसे कुणी चुकत नाही. चूक होते ती सगळा ठेका दुसऱ्याला देऊन मोकळे होण्यात. जुन्या बाथरूमचे काम घरमालकाने स्वतः करावे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी थापी हातात घेऊन फरशी बसवायला शिकण्याची गरज नाही. कामाचा क्रम, मधले थांबे, तपासण्या आणि पैशांची वाटणी स्वतःकडे ठेवावी आणि जे हाताला जमते ते हाताने करावे, एवढेच.

आधी पाणी नेमके कुठे अडते ते पाहू. टाइल्समुळे पाणी अडते हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. टाइल पाणी पीत नसली तरी दोन टाइल्समधला सिमेंटचा सांधा पितो, आणि रोजच्या आंघोळीचे थोडे थोडे पाणी त्यातून खाली उतरत राहते. ते अडवायचे काम त्याखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचे. बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब साधारण फूटभर खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. वरचा थर फाटला की या खड्ड्यात पाणी साठते आणि पाइपांसाठी स्लॅबला पाडलेल्या भोकांच्या कडेने खाली झिरपते. आता चार बाय सात फुटांचे साधे बाथरूम घ्या. फरशी २८ चौरस फूट आणि दरवाजा वगळून सात फुटांपर्यंतच्या भिंती सुमारे १४० चौरस फूट, म्हणजे टाइल्स १७० चौरस फुटांच्या आसपास. फरशी आणि भिंतीवर दीड फुटापर्यंत चढवलेला वॉटरप्रूफिंगचा थर मात्र जेमतेम ६० चौरस फूट होतो. शॉवरमागच्या भिंतीवर तो डोक्याच्या वर नेला तरी टाइल्सच्या क्षेत्राच्या निम्म्याच्या आसपास राहतो. घर कोरडे ठेवणारा थर क्षेत्राने लहान, झाकला जाणारा आणि फोटोत न येणारा. पैसे आणि काळजी वाचवायची झाली तर ती याच थरावर वाचवली जाते. काही ठिकाणी तर फोडलेल्या जुन्या फरशीचाच राडारोडा परत खड्ड्यात लोटला जातो. तो धड ठोकून बसत नाही, वरची फरशी हळूहळू खचते आणि थर तडकतो.

यापेक्षाही जास्त काटछाट होते ती वेळेची. बाथरूमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे वाट पाहणे. खड्डा भरून वर घातलेल्या सिमेंटच्या थराला निदान सात दिवस पाणी मारत ठेवावे लागते. वॉटरप्रूफिंगचे किमान दोन हात द्यावे लागतात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि मध्ये पहिला सुकू द्यावा लागतो. मग नहाणीचे तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचे, ते शक्यतो ४८ तास. टाइल्स बसल्यावर सांधे भरण्याआधी निदान एक दिवस जाऊ द्यायचा. हे सगळे थांबे जोडले तर गवंड्याचे प्रत्यक्ष काम जितक्या दिवसांचे, जवळपास तितकेच दिवस नुसते थांबण्याचे होतात. एकरकमी ठेका घेतलेल्या माणसाला यातला प्रत्येक दिवस तोट्याचा असतो, कारण त्याची माणसे बसून राहतात आणि पुढचे काम अडते. त्यासाठी तो लबाड असण्याचीही गरज नाही. एकरकमी ठेक्याचे गणितच घाईला बक्षीस देते. उलट घरमालकाला थांबण्याची किंमत पडते ती गैरसोयीची, आणि न थांबण्याची किंमत म्हणजे पुन्हा सगळे फोडणे. म्हणून वेळेचा निर्णय ज्याला गळती भोगायची आहे त्याच्याकडेच असायला हवा.

प्रत्यक्षात हे करायचे कसे? काम मजुरीवर द्यावे, माल स्वतः आणावा आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग आणि फरशी असे चार टप्पे पुरतात, आणि प्रत्येकाची एक तपासणी असते जी कुणालाही करता येते. नवे पाइप भिंतीत बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन काटा खाली येतो का ते पाहावे. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच पाइप आहे, साधा यूपीव्हीसी नाही, हे त्यावरच्या छापावरून वाचावे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशीवर दोन इंच पाणी भरावे. वरच्या मापाच्या बाथरूममध्ये ते सुमारे १३० लिटर, म्हणजे नऊ-दहा बादल्या होते. पातळीवर पेन्सिलीने खूण करून दोन दिवसांनी खूण आणि खालच्या घराचे छत दोन्ही पाहावे. फरशीला नहाणीकडे दर मीटरला एक ते सव्वा सेंटिमीटर उतार हवा. सांधे भरण्याआधी कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतले की तो आहे की नाही ते लगेच कळते. बसलेल्या टाइलवर नाण्याने टकटक केले आणि बद्द आवाज आला, तर खाली पोकळी आहे. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स जवळपास पाणी पीतच नाहीत, त्यामुळे साध्या सिमेंटच्या मालाला त्या नीट धरत नाहीत. त्यांना टाइल अॅडहेसिव्ह लागते आणि त्यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे. नवा कमोड घेताना डिझाइनआधी जुन्या आउटलेटचे भिंतीपासूनचे अंतर मोजावे आणि जमिनीतून बाहेर जाणारा एस ट्रॅप हवा की भिंतीतून जाणारा पी ट्रॅप ते ठरवावे. नाहीतर सुंदर कमोडसाठी ड्रेनेजची लाइन हलवावी लागते आणि तिथेच नवी गळती सुरू होते.

हाताने करण्याजोगे कामही कमी नाही. जुने नळ, आरसा, कपाट काढणे, टेफ्लॉन टेप गुंडाळून नवे नळ आणि अँगल कॉक बसवणे, सांधे भरणे, कमोड-बेसिनच्या कडेला सिलिकॉन ओढणे, छताला रंग देणे हे धीराने शिकता येते. पण तीन गोष्टींना हौशी माणसाने हात लावू नये. पहिली वीज. दोन हजार वॉटचा गीझर सुमारे नऊ अँपियर वीज घेतो आणि तीन हजारांचा तेरा. जुन्या घरात दिव्यासाठी ओढलेल्या बारीक वायरवर तो चालवणे म्हणजे आगीला निमंत्रण. इथे परवानाधारक वायरमन, नीट अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी याला पर्याय नाही. दुसरी, सर्व मजल्यांची मिळून असलेली ड्रेनेजची उभी लाइन. ती सोसायटीची आहे आणि जुन्या इमारतींत ती कधी कधी अॅस्बेस्टॉस-सिमेंटची असते. असा पाइप ग्राइंडरने कापला की त्याचे तंतू हवेत उडून फुप्फुसात जातात. तिसरी, गॅस गीझर. बंद बाथरूममध्ये त्यातून साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि त्याने जीव गेल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. नूतनीकरण करताना तो बाथरूमच्या बाहेर काढणे हाच शहाणपणा.

यावर पहिला आक्षेप येतो तो कौशल्याचा. गवंडी आणि प्लंबर आयुष्यभर हेच करतात, दोन व्हिडिओ पाहिलेल्या माणसाने त्यांना काय शिकवायचे? आक्षेप रास्त आहे, पण तो वेगळ्याच मागणीला लागू पडतो. ओळंबा धरणे किंवा उतार काढणे त्यांनीच करावे. उतार उतरला की नाही हे पाहायला मात्र कारागिरी लागत नाही, तांब्याभर पाणी लागते. चांगल्या गवंड्याला अशा तपासणीचा राग येण्याचे कारण नाही, कारण कमी पैशात अर्धवट काम करणाऱ्याशी त्याची जी स्पर्धा असते ती तिथेच संपते. दुसरा आक्षेप गॅरंटीचा. ठेकेदार पाच-दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतो, मग डोकेदुखी कशाला? ही गॅरंटी बहुधा रसायनाच्या डब्याची असते, ते लावण्याच्या पद्धतीची नसते. पुन्हा फोडून पुन्हा टाइल्स बसवण्याचा खर्च तीत क्वचितच येतो. शिवाय गळती झाल्यावर दारात येतो तो शेजारी, आणि तो ठेकेदाराच्या नव्हे, आपल्याच दारात येतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनीही ही वाटणी करून ठेवली आहे. बाहेरच्या सामायिक पाइपलाइनच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, घरातल्या संडास-बेसिनमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. जबाबदारी अशी आपलीच असेल तर देखरेख दुसऱ्यावर सोडण्याला अर्थ उरत नाही.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण सर्वांत खोलवर तोच असतो. मोरी आणि संडासाच्या कामात लक्ष घालणे आपले काम नाही, अशी एक सुप्त भावना सुशिक्षित घरांतही आहे. टाइल्सच्या रंगावर तासभर चर्चा होते आणि नहाणी ट्रॅपचे नाव निघाले की सगळे उठून जातात. ही नुसती किळस नाही. मैल्याशी संबंध येणारी कामे आपण शतकानुशतके जातीने वाटून टाकली आणि त्याबरोबर त्या कामांची माहिती मिळवण्याची जबाबदारीही झटकली. याच महाराष्ट्रात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकामाचा हक्क मागून रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केले होते आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत संडासाच्या रचनेचे प्रयोग केले. त्यांच्याएवढी तयारी कुणाकडून अपेक्षित नाही. पण ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभे असते म्हणून गटारातली हवा घरात येत नाही, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. पाहुण्यांची जादा खोली बंद राहिली की तिथल्या बाथरूमला वास का येतो आणि मगभर पाणी ओतल्यावर तो का जातो, हे मग आपोआप कळते.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एकच बाथरूम असलेल्या वन-रूम-किचनमध्ये तीन आठवडे काम चालवणे अशक्य आहे आणि रोज कामावर जाणाऱ्याला देखरेख जमत नाही. हे खरे आहे आणि यावरचे उत्तर म्हणजे प्रत्येक जुने बाथरूम फोडायलाच हवे असे नाही. खाली गळती नसेल, टाइल्सवर टकटक केल्यावर बद्द आवाज येत नसेल, तर कळकट दिसणे हा पुष्कळदा बोअरच्या क्षारांचा परिणाम असतो. तिथे लोक अॅसिड ओततात आणि ते डागाबरोबर सांध्यातले सिमेंटही खाते. म्हणजे स्वच्छतेतूनच गळती जन्माला येते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरिनचा विषारी वायू सुटतो, तो धोका वेगळाच. त्यापेक्षा जुने सांधे खरवडून एपॉक्सीने भरणे, नहाणीची जाळी आणि नळ बदलणे, जुना दहा लिटरचा फ्लश काढून तीन-सहा लिटरचा दुहेरी फ्लश बसवणे, म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीला धरायचा दांडा लावणे, ही कामे एकेका सुट्टीच्या दिवसात होतात आणि घर बंद पडत नाही. दांड्यासाठी भोक पाडताना तेवढे शॉवरमागच्या भिंतीतल्या पाइपांची आणि थराची जागा सांभाळावी. न फोडण्याने राडारोडाही वाचतो. वरच्या मापाच्या बाथरूममधून टाइल्स आणि त्यामागचा माल मिळून टनाच्या आसपास वजन निघते, आणि असा माल आपल्या शहरांत नदीकाठी आणि ओढ्यांत कसा पोहोचतो ते सर्वांना दिसतेच आहे.

मजुरांच्या रोजीवर गदा येईल, ही शंकाही रास्त नाही. मधले थांबे पाळायचे तर गवंड्याला तीनदा बोलवावे लागते आणि त्या प्रत्येक खेपेचे पैसे द्यायला हवेत. कमी होतो तो मधल्या माणसाचा नफा, आणि त्यातला काही भाग कामगाराकडे, काही वॉटरप्रूफिंगकडे वळतो. एकूण खर्च कमी होईलच असे आश्वासन कुणी देऊ नये. स्वतः लक्ष घालण्याचे समर्थन बचतीवर उभे केले, तर माणूस पुन्हा त्याच अदृश्य थरात काटकसर करू लागतो. फायदा हा की तेच पैसे योग्य जागी गेल्याचे डोळ्यांनी दिसते.

शेवटी हे सगळे एकट्यादुकट्याच्या शहाणपणावर सोडण्याचेही कारण नाही. घरात फेरबदल करताना सोसायटीची परवानगी घ्यावी लागते आणि त्या पत्रात कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, राडारोडा कुठे टाकायचा यांच्या अटी असतात. त्यातच आणखी एक अट घालावी. टाइल्स बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून चाचणी करावी आणि खालच्या मजल्यावरच्या सभासदाने आपले छत पाहून सही द्यावी. यासाठी ना कायदा बदलावा लागतो ना फी आकारावी लागते. अट लेखी असली की घरमालकाला ठेकेदाराला थांबवायला कारण मिळते, ठेकेदाराला तेवढे दिवस धरूनच दर सांगावा लागतो, आणि शेजाऱ्यांमधले गळतीचे भांडण टाइल्स बसण्याआधीच, दुरुस्ती सोपी असताना मिटते. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव कुणीही सभासद मांडू शकतो.