सातपुड्याने आणि तापीकाठाने एकत्र उठावे

१८५२ सालच्या डिसेंबरात सावदा-फैजपूरचे शेतकरी हजारोंनी घराबाहेर पडले. कंपनी सरकारने जमिनीची नवी मोजणी काढली होती. साखळी शेतावरून फिरली की सारा वाढणार, ही धास्ती यावल, रावेर, चोपडा, एरंडोलपर्यंत पसरली होती. लोकांनी सावद्याला मोजणी अधिकाऱ्यांचे तंबू गाठले आणि मोजणी थांबवा म्हणून ठाण मांडले. राज्य उलथवण्याची भाषा कुणाच्या तोंडी नव्हती. पोटाला चिमटा बसणार होता आणि तो सांगायला ते आले होते. सरकारने फौज पाठवली. रात्रीतून गावे वेढली, पाटील-देशमुखांसह पुढारी पकडून नेले. मोजणी झाली, सारा बसला.

त्या फौजेत भिल्ल पलटणही होती. खानदेशच्या प्रत्येक माणसाने ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी.

हे भिल्ल कोण होते? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. घाट राखायचे, गावाची जागल करायची आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा, ही भिल्ल नाईकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. नव्या राजवटीने ते हक्क तोडले आणि हक्क मागायला आलेल्याला दरोडेखोर ठरवले. सातपुडा आणि सातमाळा पेटले. काही वर्षे नुसत्या गोळ्या घालून भागेना, तेव्हा १८२५ मध्ये कंपनीचा लष्करी अधिकारी जेम्स आऊट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. ज्यांचे हक्क बुडवले त्यांच्याच पोरांच्या खांद्यावर बंदूक दिली आणि पुढे ती बंदूक फैजपूरच्या कुणब्यावर रोखली. डोंगराची तक्रार वेगळी होती, काठाची वेगळी. दोघांना लुटणारा हात मात्र एकच होता, आणि तो हात दोघांना एकमेकांसमोर उभे करण्यात तरबेज होता.

पाच वर्षांनी पाळी डोंगराची आली. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक कंपनीच्या चाकरीतला माणूस. त्या चाकरीने त्याला तुरुंगही दाखवला आणि अपमानही. १८५७ मध्ये तो उठला, भीमा नाईक त्याच्या जोडीला आला. त्या नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना त्यांच्या माणसांनी सेंधव्याजवळ लुटला. पुढे ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीच्या रानात इंग्रज फौजेशी मोठी झुंज झाली. पकडलेल्यांसाठी जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून त्यांना गोळ्या घातल्या आणि भिल्ल बायकांना कैद करून नेले. खाज्या नाईकाला १८६० मध्ये दग्याने मारले. भीमा नाईक काही वर्षांनी सापडला आणि अंदमानात मेला.

तेव्हा तापीकाठ काय करत होता? बहुतेक ठिकाणी तो शांत होता. पाच वर्षांपूर्वीचा मार अंगावर ताजा होता, हे मला समजते. तरीही सांगितले पाहिजे की काठ एकटा हरला आणि मग डोंगर एकटा हरला. या दोन पराभवांचा धडा आपण शाळेत कधी शिकलोच नाही. अंबापाणीत पडलेल्यांची नावे जळगाव-धुळ्याच्या किती मुलांना ठाऊक आहेत?

ज्या फैजपूरला रात्रीतून वेढा पडला होता, त्याच फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी ते उभे केले, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते. आणि ठराव कशाचा झाला? सारा आणि खंड कमी करण्याचा, कर्जातून शेतकऱ्याची मान सोडवण्याचा. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी तंबूपुढे मांडलेली ती गाऱ्हाणी साऱ्या देशाच्या मागण्या झाल्या होत्या. शेतातल्या रागाला स्वराज्याची दिशा मिळाली ती अशी.

मग १९४२ आले. ९ सप्टेंबरला नंदुरबारमध्ये मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहतासह पाच जण गेले. शिरीषला सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी ताब्यात घेतला. त्यात डांगरीचे उत्तमराव पाटील होते, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते. कुठे कृष्णाकाठ, कुठे तापीचे खोरे! खाज्या नाईकाच्या मदतीला डोंगराच्या पायथ्याची गावे आली नव्हती. चिमठाण्याच्या लढ्याला साताऱ्याहून माणसे आली. एवढ्या वर्षांत लोक काय शिकले होते, ते या फरकात दिसते.

आणि आज? रावेरचा केळीवाला वादळाने बाग आडवी झाली की पीकविम्यासाठी एकटाच खेटे घालतो. कापूस पिकवणारा भावासाठी एकटाच झुरतो. सातपुड्यातला पावरा, भिल्ल, तडवी बांधव २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा फायलीत अडकला म्हणून एकटाच प्रांताच्या कचेरीबाहेर बसतो. डोंगराच्या मोर्चाला काठाची माणसे नाहीत, काठाच्या रास्ता रोकोला डोंगराची नाहीत. राज्य आपले झाले, हत्यार आता घटनेने दिलेले आहे, मत आपल्या हाती आहे. पण एकेकट्याने हरण्याची जुनी खोड आपण सोडली नाही.

भावांनो, बहिणींनो, ती सोडा! यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत डोंगर आणि काठ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. येत्या ग्रामसभेला एकटे जाऊ नका, घरातल्या बायकांना बरोबर घ्या. नुकसानीचे पंचनामे का अडले याचा जाब मागा आणि ठराव लेखी करून घ्या. शेजारच्या पाड्याचा वनहक्क दावा अडला असेल तर त्यासाठीही तुमच्या गावाचा ठराव होऊ द्या. पाड्यावरच्या मित्रांनो, केळीच्या विम्यासाठी तहसीलवर मोर्चा निघेल तेव्हा तुम्ही खाली उतरा. शिक्षकांनो, मुलांना घेऊन अंबापाणीला जा, चिमठाण्याला जा, फैजपूरला जा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडे जी नावे अजून शिल्लक आहेत ती या वर्षात लिहून काढा.