एका किकचे कौतुक पुरे!

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर एक चित्रफीत टाकली. मुलुंडच्या आमच्या इमारतीत जिन्याखाली सतरा वर्षे धूळ खात पडलेली माझी १९८४ सालची येझदी, त्याने मारलेली किक, भस्सकन निघालेला निळा धूर आणि खाली सगळ्यांचे अंगठे. "मामा, एका किकमध्ये सुरू! रविवारी येऊरला जाऊन येतो." मी नाही म्हटले. तेव्हापासून मी खाष्ट म्हातारा ठरलो आहे. तर मंडळी, माझी बाजूही ऐका.

हजेरी लागली म्हणजे मुलगा पास झाला, असे मी पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत कधी धरले नाही. गाडी सुरू होते का, हा प्रश्न शेवटचा. ती थांबते का, हा पहिला. आम्ही पुढचा ड्रम उघडला तर ब्रेक शूचे लायनर पापुद्र्यासारखे सुटून हातात आले. हे घेऊन येऊरचा उतार उतरणार होते चिरंजीव! मागच्या टायरची नक्षी शाबूत, म्हणून "टायर मस्त आहे". अरे, टायरवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. २००० पासून त्याचे चार आकडे असतात, माझ्या टायरवर तीनच होते. म्हणजे तो गेल्या शतकातला!

पण मला खरी भीती आहे ती ऑइल सीलची. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या टोकांना रबरी सील असतात. पडून पडून ते कडक होतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पेट्रोल-ऑइलचे मिश्रण पातळ पडते, पिस्टन तापतो आणि भर वेगात इंजिन सीझ होते. मागचे चाक जागच्या जागी अडकते. किक मारताना यातले काहीही कळत नाही. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या रबराला ते मानवत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८९ साली पेट्रोलमध्ये ऑइल घालायला मी विसरलो आणि विक्रोळीजवळ इंजिन सीझ झाले. मागे हिची मांडीवर घेतलेली मुलगी, म्हणजे तुमची ताई. क्लच दाबला गेला म्हणून वाचलो. हिने त्यावर आठवडाभर अबोला धरला होता. (योग्यच होते.)

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०२२ साली येझदी नावाने आलेल्या गाड्या फोर-स्ट्रोक, त्यांच्या इंजिनाचे भाग हिला चालत नाहीत. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडणे आले. शिवाय नोंदणीचे नूतनीकरण बाकी, विमा बाकी. वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाचे दोन हजार रुपये, ऑगस्ट २०२५ पासून. ते मी भरीन, त्याचे दुःख नाही.

ब्रेक शू मिळाले आहेत. टायर पुढच्या आठवड्यात. सील अजून मिळायचे आहेत. तोवर भाचेबुवांनी ठाण्याला लोकलने जावे, एकच तर स्टेशन आहे. आणि हो, किल्ली माझ्या उशीखाली आहे.