पुतण्याला कोणते हत्यार द्यावे?

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला कॉलेजकुमार पूर्वी रेडिओ उघडून बसत असे. रेडिओ पुन्हा जोडल्यावर हातात दोन स्क्रू उरत आणि तरीही रेडिओ वाजे, याचे घरादाराला मोठे कौतुक वाटे. हल्लीचा कुमार एक निळी पट्टी, रंगीत तारांची जुडी आणि लॅपटॉप घेऊन बसतो. चकली निवत नाही, मऊ पडते, तरी त्याचे लक्ष नसते. तासाभराने त्या पट्टीवरचा इवलासा दिवा लुकलुकतो आणि स्वारी आनंदाने ओरडते. आई म्हणते, "एवढा दिवा लावायला एवढा खटाटोप? मी पणती लावून दिली असती की!"

आईचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण त्या दिव्यामागे जो खटाटोप आहे, त्यावर आज पुष्कळ घरांची आणि शेतांची कामे अवलंबून आहेत. तेव्हा त्यासाठी वडीलधाऱ्यांनी पैसे मोजायचे झाले, तर ते कशावर मोजावेत, हा या दिवाळीचा आमचा विषय.

प्रथम वस्तूची ओळख. त्या पट्टीवर जो काळा किडा बसलेला असतो, तो मायक्रोकंट्रोलर. धुलाई यंत्रात, इन्व्हर्टरमध्ये, विजेच्या नव्या मीटरमध्ये असाच एखादा बसलेला असतो. तो म्हणजे संगणकच, पण एकाच कामाला जुंपलेला. 'अर्दुइनो उनो' या प्रसिद्ध पट्टीवरच्या चिपेत प्रोग्रॅमसाठी 32 किलोबाइट जागा असते आणि चालू हिशेबाच्या पाटीला अवघी दोन. देवनागरी अक्षरे जरा ऐसपैस बसतात. त्यामुळे हा आमचा लेख तिच्या कायमच्या स्मरणात कसाबसा मावेल, पाटीवर मात्र त्यातला एखादा परिच्छेदच बसेल. इतक्या लहान खोलीत संसार थाटायचा, म्हणजे हत्यारे पारखूनच घ्यावी लागतात.

आता असे समजा, की पुण्यात राहणाऱ्या एका काकांचा पुतण्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचा आहे. उमरग्याच्या शेजारचा हा तालुका. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात ज्या सास्तूरची धूळधाण झाली, ते सास्तूर याच तालुक्यातले, आणि निम्न तेरणेचे धरण जिथे आहे ते माकणीही इथलेच. सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तिथे ऊस. म्हणजे सगळा जीव विहिरीवरच्या नाही तर बोअरच्या मोटारीत. पुतण्या डिप्लोमाला आहे. गावाच्या नावातच लोहार, तेव्हा आपणही काही घडवावे असे त्याच्या मनात येते, आणि तो काकांना फोन करतो : "काका, मोटारीसाठी पेटी करायची आहे. हत्यारांना पैसे लागतील."

ही पेटी कशासाठी, हे शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. शेतीची थ्री फेज वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली. रात्री-अपरात्री लाइट आली की मोटार चालू करायला शेतावर जायचे, म्हणजे अंधार, चिखल आणि साप. म्हणून शेतकरी स्टार्टरला 'ऑटो' बसवतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. सोय उत्तम, पण तिच्यात एक मेख आहे. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या ऑटोंनी एकाच क्षणी मोटारी सुरू केल्या, तर तो भार डीपीवर पडतो आणि डीपी जळते. डीपी जळाली की नवी येईपर्यंत पिकाने आकाशाकडे पाहायचे. म्हणूनच ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा विनवत आली आहे.

पुतण्याची युक्ती सोपी आहे. त्याची पेटी लाइट आल्याबरोबर मोटार सुरू करणार नाही. एक ते दहा मिनिटांत कितीही वेळ, मनाला येईल तितका, थांबेल. दहा शेतकऱ्यांच्या दहा पेट्या वेगवेगळ्या वेळी जाग्या होतील आणि डीपी वाचेल. प्रोग्रॅम दहा-वीस ओळींचा. घरी टेबलावर एक पेटी करून पाहिली. चार मिनिटांनी दिवा लागला. "काका, चालली की पेटी!"

आणि शेतावर? दहाच्या दहा पेट्या बरोबर चार मिनिटे थांबतात आणि एकदम सुरू होतात!

यात भुताटकी नाही. चिपेला मन नसते, तेव्हा तिच्या 'मनाला येईल तो' आकडा हिशेबाने काढलेला असतो. आकड्यांची एक लांबलचक माळ ठरलेली असते आणि वीज आली की चिप ती माळ पहिल्या मण्यापासून ओढू लागते. जणू दहा घरांत न पिसलेले, एकाच क्रमाने लावलेले पत्त्यांचे दहा जोड. पहिले पान सगळीकडे चौकटची चौरीच निघणार! उपाय आहे. प्रत्येक पेटीला तिचा स्वतःचा क्रमांक द्यायचा, वीज गेली तरी न पुसणाऱ्या कोपऱ्यात तो नोंदवायचा आणि माळ त्या क्रमांकापासून सुरू करायची. त्याहून सोपे म्हणजे पहिल्या पेटीला एक मिनिट, दुसरीला दोन, अशी मिनिटेच वाटून द्यायची.

पण उपायाआधी दोष दिसायला हवा ना? तो घरच्या टेबलावर दिसावा की पेरणी झालेल्या रानात, हे सारे हत्यारांवर ठरते.

या धंद्याची हत्यारे चार जातींची. प्रोग्रॅम लिहिण्याचे, त्याचा चिपेच्या भाषेत अनुवाद करण्याचे, म्हणजे कंपायलर, तो चिपेत चढवण्याचे, आणि आत काय चालले आहे ते पाहण्याचे. पहिली तीन पूर्वी फार महाग आणि फार त्रासाची होती. इंटेलने 1980 मध्ये 8051 ही चिप काढली. पुढे आपल्याकडच्या पॉलिटेक्निकांतून कित्येक पिढ्या तिच्यावरच शिकल्या. तिच्या जुन्या भावंडांना वरून काचेची खिडकी असे. एक अक्षर चुकले तरी चिप काढून, त्या खिडकीवर अतिनील दिव्याचा प्रकाश धरून, सारे पुसायला वीसेक मिनिटे घालवावी लागत. त्यामुळे लोक चूक करायलाच भीत. 1993 च्या सुमारास विजेनेच क्षणात पुसता येणाऱ्या चिपा आल्या. 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी अर्दुइनो निघाले आणि लिहिणे, अनुवाद, चढवणे ही तिन्ही कामे एका फुकट प्रोग्रॅमात, एका बटणावर आली.

8051 वरच काम करायचे असेल, तर नामांकित कंपायलरच्या फुकट आवृत्तीला दोन किलोबाइटांची वेसण असते. मग मुले कुलूप फोडलेली प्रत कुठून तरी आणतात, आणि तिच्याबरोबर लॅपटॉपमध्ये काय काय येते ते देव जाणे. त्याची गरज नाही. संदीप दत्ता यांनी सुरू केलेला 'एसडीसीसी' हा कंपायलर 8051 साठी राजरोस फुकट आहे आणि त्याला असली वेसण नाही. तेव्हा काकांनी पहिल्या तीन हत्यारांवर एक पैही खर्चू नये.

सगळा खर्च चौथ्यावर, पाहण्याच्या हत्यारावर करावा. आणि नेमकी तिथेच काटकसर होते. चिपेला अंतरंग उघड करायला लावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सिरियल मॉनिटर. 'मी आता 240 सेकंद थांबणार' असे तिने लॅपटॉपच्या पडद्यावर लिहावे. पुतण्याने हे केले असते आणि वीज पाच वेळा घालवून-आणून पाहिली असती, तर पाचही वेळा तोच आकडा दिसून तो चमकला असता. याच्या वरची पायरी डीबगरची. तो प्रोग्रॅमला हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि पाटीवरचे आकडे वाचून दाखवतो. 'न्यूक्लिओ' नावाच्या पट्ट्यांवर तो मुळातच बसवलेला असतो. 2021 मध्ये आलेली 'रास्पबेरी पाय पिको' ही पट्टी तर इतकी स्वस्त की दोन घ्याव्यात. एक काम करील आणि दुसरी तिची नाडी धरून बसेल. पिनांवरचे इशारे पडद्यावर रेखाटणारा, आठ तारांचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर मिळाला तर दुधात साखर.

आणि साधा मल्टिमीटर विसरू नका. रिले खटकन ओढला गेला की पाच व्होल्टचे चार होतात आणि चिप बेशुद्ध पडते; मुलगा मात्र रात्रभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. ती प्रोग्रॅममध्ये नसतेच. एक सूचना मात्र वडीलकीच्या अधिकाराने : पेटी पारखताना मोटारीच्या जागी छोटा दिवा लावावा. थ्री फेजची वीज 415 व्होल्टची असते. जिवंत स्टार्टरला जोडलेल्या पेटीत लॅपटॉपची तार खुपसू नये, आणि शेतावरची जोडणी जाणत्या वायरमनच्या हातूनच करावी.

दुसरी कसोटी, हत्यार आपल्या घरात राहते की परक्याच्या? काही हत्यारे हल्ली इंटरनेटवरच राहतात. आपण फक्त दारात उभे राहून काम करून घ्यायचे. लोहाऱ्यासारख्या ठिकाणी लाइट गेली, नेट गेले, की दार बंद. शिवाय घरमालकही आपले दुकान मोडतो. आर्म या बड्या कंपनीने 2009 मध्ये थाटलेली 'एम्बेड' ही अशीच नावाजलेली सोय. 2026 च्या जुलैत ती बंद करणार, असे कंपनीने 2024 मध्ये जाहीर केले. म्हणून जे हत्यार लॅपटॉपवर उतरवून बिननेट चालते तेच घ्यावे, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी आणि कोणत्या आवृत्तीने पेटी तयार केली ते वहीत लिहावे. पाच वर्षांनी पेटी दुरुस्तीला आली, की त्या एका ओळीची किंमत कळते.

तिसरी कसोटी माणसांची. जवळच्या शिक्षकाला, पुढच्या वर्गातल्या मुलाला जे येते, ते हत्यार आधी घ्यावे. सर्वांत नव्या चिपेपेक्षा अडल्यावेळी विचारायला माणूस असलेली जुनी चिप बरी. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'चे धडे फुकट आहेत आणि सी भाषेचे धडे तर मराठीतही आहेत. आणि खेड्यात असले काही होत नाही, असे कोणी म्हणू लागले, तर त्याला पुणे जिल्ह्यातले पाबळ दाखवावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला, तो मुलांनी हाताने काम करता करता शिकावे म्हणून. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या देशाबाहेर फॅब लॅब काढायला आरंभ केला, तेव्हा अगदी पहिल्यांतली एक 2002 मध्ये या पाबळलाच आली.

तर काकांनी भाऊबीजेच्या आगेमागे लोहाऱ्याला पाठवायचे पार्सल असे असावे : एक बरा मल्टिमीटर, एकाच जातीच्या दोन पट्ट्या, आठ तारांचा लॉजिक ॲनालायझर, डाग द्यायची इस्त्री आणि एक जाडजूड वही. पट्ट्या दोन कशासाठी, असे काकू विचारतीलच. त्यांना सांगावे, की एकच असती तर पेटी 'चालली' असती. दोन शेजारी-शेजारी ठेवल्या, तरच त्या एकाच वेळी जाग्या होतात हे टेबलावर कळते, आणि दहा शेतकऱ्यांची डीपी वाचते.